व्यभिचार आणि सरकारी चाकरी



आजच्या विषयाची पाटी फलकावर लागली तेव्हा एका गृहस्थांनी चालकांना विचारले म्हणे, की हा विषय व्याख्यानमालेत घेण्याजोगा आहे काय? आणि घेतलाच, तर बायकामाणसांनी यावे की नाही? समोर पाहतो तो भगिनीवर्गच बहुसंख्य आहे. तेव्हा त्या शंकेचे उत्तर परस्पर मिळाले असे समजून मी विषयाला हात घालतो.

प्रश्न साधा दिसतो. एखादा विवाहित सरकारी नोकर, किंवा सैन्यातला अधिकारी, लग्नाबाहेर संबंध ठेवतो. त्याबद्दल त्याच्या नोकरीवर गदा यावी काय? 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडसंहितेचे 497 वे कलम घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर ‘आता व्यभिचार मोकळा झाला’ असा एक समज आपल्याकडे पसरला. हा समज अर्धाच खरा आहे. तुरुंगाचे दार त्या दिवशी बंद झाले. कचेरीचे दार आणि पलटणीचे दार उघडेच राहिले. किराणा दुकानदाराने जे केले असता पोलिसाला त्याच्या वाटेस जाता येत नाही, तेच लष्करातल्या मेजरने केले तर त्याची कंबरपट्टी आणि हुद्द्याची पदके उतरू शकतात. एकाच देशात एकाच कृत्याला दोन मापे का, हे समजून घ्यावयाचे आहे.

प्रथम ते 497 वे कलम काय म्हणत होते ते पाहू. कारण पुष्कळांनी त्याविषयी ऐकले आहे, पण वाचले थोड्यांनी आहे. जी स्त्री दुसऱ्याची पत्नी आहे हे आपणास ठाऊक आहे, अशा स्त्रीशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून किंवा त्याच्या मूकसंमतीवाचून संबंध ठेवणारा पुरुष पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र होता. त्या स्त्रीला मात्र शिक्षा नव्हती; अपराधास साहाय्य केले म्हणूनसुद्धा नव्हती. फिर्याद करण्याचा अधिकार तिच्या नवऱ्याला. आता यातले बारकावे पाहा. विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी किंवा विधवेशी संबंध ठेवला तर या कलमाखाली गुन्हाच नाही. त्याच्या घरी बसलेल्या पत्नीला फिर्याद करता येत नव्हती. आणि नवऱ्याने संमती दिली तर सर्वच निर्दोष! म्हणजे या कलमाला विवाहाच्या पावित्र्याची चाड होती असे म्हणण्यापेक्षा कुंपणाची चाड होती असे म्हणणे अधिक खरे होईल. शेजाऱ्याच्या शेतात मालकाला न विचारता गुरे घातली, तर दंड. विचारून घातली, तर काही नाही. अशा स्वरूपाचे हे कलम होते.

ते आले कुठून? मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये दंडसंहितेचा जो मसुदा केला त्यात व्यभिचार हा गुन्हा नव्हताच. मेकॉले आपल्याविषयी फार चांगले लिहीत असे अशातला भाग नाही. परंतु या ठिकाणी त्याने एक विचार मांडला तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. या देशातल्या मुलीचे लग्न बालपणी होते, तरुणपणीच तिची उपेक्षा होऊ लागते, नवऱ्यात तिला सवती वाटेकरी असतात. अशा स्थितीत पत्नीच्या स्खलनाला शिक्षा सांगताना दयाळू मनुष्य अडखळेल, असा त्याचा आशय. पुढच्या कायदेपंडितांनी गुन्हा घातला, पण शिक्षा फक्त पुरुषाला ठेवली. 1860 मध्ये संहिता झाली आणि हे कलम दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकले.

त्याआधी आपल्याकडे काय होते, असे कोणी विचारील. धर्मशास्त्रांनी स्त्रीसंग्रहण हे अठरा व्यवहारपदांतले एक पद मानले होते. पेशवाईच्या दप्तरात शिंदळकीबद्दल घेतलेल्या दंडाच्या नोंदी आहेत; त्यात पुरुष पैसे भरून सुटावा आणि स्त्रीने बटीक म्हणून राबावे, असेही प्रकार आहेत. पूर्वी सर्व कसे नेमस्त होते असे म्हणणाऱ्यांनी ती दप्तरे एकदा चाळावीत. परंतु आजच्या विषयाला अधिक जवळचा दाखला शिवकालातला आहे. सभासदाने आपल्या बखरीत महाराजांच्या लष्कराचे नियम नोंदवले आहेत. मोहिमेवर बायको, बटीक किंवा कलावंतीण बरोबर घेऊ नये, आणि जो घेईल त्याची गर्दन मारावी, अशी त्यात ताकीद आहे. हा नियम नीतीचा म्हणून आपण नेहमी सांगतो. पण त्यात परस्त्रीबरोबर स्वतःची लग्नाची बायकोसुद्धा आली, हे आपल्या लक्षात येत नाही! लग्नाच्या बायकोत अनीती ती कसली? म्हणजे नियम होता तो फौजेच्या चपळाईचा आणि शिस्तीचा. शिपाई घरी गेल्यावर कसा वागतो याची विचारपूस त्यात नाही. मोहिमेवर त्याच्यामुळे फौज अडते की नाही, एवढाच प्रश्न आहे. हा भेद आपण हाती धरून ठेवू. पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

स्वतंत्र भारतात या कलमावर पहिला हल्ला मुंबईतच झाला. पुरुषालाच शिक्षा आणि स्त्रीला नाही, हा लिंगभेद आहे असे एका आरोपीचे म्हणणे होते. प्रथम मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. स्त्रियांसाठी खास तरतूद करण्याची मुभा घटनेनेच दिली आहे, हे कारण. 1971 मध्ये विधी आयोगाने स्त्रीलाही शिक्षा असावी आणि कैदेची मुदत दोन वर्षांवर आणावी असे सुचवले. त्या आयोगावर न्यायमूर्ती अ‍ॅना चंडी होत्या, भारतातल्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. त्यांनी भिन्न मत नोंदवले, की मुळात हा गुन्हा ठेवावाच कशाला? त्यांचे ऐकले जावयास सत्तेचाळीस वर्षे लागली.

मध्यंतरी 1985 मध्ये एक निकाल झाला. तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. मोहात पाडणारा असतो तो पुरुष, स्त्री नव्हे, असे सर्वसामान्यपणे मानले जाते, सबब पुरुषालाच शिक्षा ठेवण्यात गैर नाही, अशी त्यात भूमिका होती. तेहेतीस वर्षांनी हे कलम ज्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने रद्द केले, त्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. वडिलांचा निकाल मुलाने फिरवला, म्हणून त्या वेळी वर्तमानपत्रांनी मौज केली. मला त्यात मौजेपेक्षा काळाचे माप दिसते. पत्नी ही नवऱ्याची मिळकत नव्हे, आणि नवऱ्याच्या संमतीवर जो गुन्हा उभा राहतो किंवा विरघळतो तो समतेला, लिंगभेदाच्या मनाईला आणि व्यक्तीच्या प्रतिष्ठेला धरून नाही, हा 2018 च्या निकालाचा गाभा. व्यभिचार घटस्फोटाचे कारण राहीलच, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे 2023 मध्ये नवी न्यायसंहिता होत असताना संसदेच्या एका समितीने हा गुन्हा स्त्रीपुरुषांना सारखा लागू करून परत आणावा अशी शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या संहितेत व्यभिचार हा गुन्हा नाही.

आता लष्कराकडे वळू.

1950 च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये व्यभिचार हा शब्दच नाही. तेथे 45 वे कलम आहे. आपल्या पदाला आणि आपल्याकडून अपेक्षित असलेल्या चारित्र्याला न शोभणारे वर्तन जो अधिकारी करील त्याला लष्करी न्यायालय अपमानपूर्वक बडतर्फ करू शकते. साध्या शिपायाला हे कलम लागू नाही. त्याच्यासाठी 63 वे कलम, सुव्यवस्था आणि लष्करी शिस्त यांना बाध आणणारे कृत्य, ज्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. वायुदलाच्या आणि नौदलाच्या कायद्यांत अशाच तरतुदी आहेत. या मोघम शब्दांत व्यभिचार बसवावयाचा तर आरोपपत्रात तो कसा लिहावयाचा? त्यासाठी सैन्यात एक ठरीव वाक्य चालत आले आहे: अधिकाऱ्याने आपल्या बंधु-अधिकाऱ्याच्या पत्नीचे प्रेम चोरले! प्रेम चोरले. घड्याळ चोरावे, सायकल चोरावी, तसे. ज्या बाईविषयी हे लिहिले जाते तिला या वाक्यात काही मन आहे, काही जबाबदारी आहे, असे कोठेच दिसत नाही. 497 व्या कलमातले कुंपण मोडले. या आरोपपत्रात ते अजून उभे आहे.

आणि याच वाक्यातून आणखी एक गोष्ट बाहेर पडते. चोरी बंधु-अधिकाऱ्याच्या घरी झाली तर आरोप. तोच अधिकारी गावातल्या एखाद्या परक्या बाईकडे जाऊ लागला, तर पलटणीला सहसा त्याची दखल नसते. त्याची पत्नी मात्र दोन्ही वेळा तितकीच दुखावलेली असते. यावरून उघड आहे की हा नियम विवाहाच्या रक्षणासाठी नाही. तो अधिकाऱ्यांच्या आपसातल्या विश्वासाच्या रक्षणासाठी आहे. हे मी निंदेने म्हणत नाही. सैन्याला त्या विश्वासाची गरज खरोखरच आहे.

ती गरज किती खरी आहे हे जुन्या मुंबईने एकदा पाहिले आहे. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलाच्या कमांडर नानावटींनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. नानावटी नोकरीनिमित्त दीर्घकाळ समुद्रावर असत. त्या काळात त्यांच्या पत्नीचे आहुजांशी संबंध जडले होते, आणि तिनेच ते त्यांना सांगितले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जन्मठेप झाली, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 1964 मध्ये त्यांना माफी मिळाली. (उच्च न्यायालयात सरकारतर्फे उभे राहिले होते ते सरकारी वकील यशवंतराव चंद्रचूडच. जग लहान आहे!) माणूस मारला गेला असता मुंबई नानावटींच्या बाजूने का उभी राहिली? त्या काळच्या वर्तमानपत्री प्रचाराचा त्यात वाटा होता, हे खरे. पण तेवढ्याने हे उलगडत नाही. हा मनुष्य देशाच्या कामावर गेला असता त्याच्या घरावर घाला आला, ही भावना त्यामागे होती. आणि येथे घाला घालणारा परका होता. तो त्याच जहाजावरचा अधिकारी असता तर?

नेमका हाच मुद्दा केंद्र सरकारने 2018 च्या निकालानंतर न्यायालयापुढे ठेवला. त्या निकालाचा आधार घेऊन सशस्त्र दल न्यायाधिकरणाने काही अधिकाऱ्यांवरची कारवाई रद्द केली होती. सरकारचे म्हणणे असे, की सैनिक दूरच्या, ओसाड चौकीवर महिनोन् महिने असतो. त्याचे कुटुंब मागे तळावर राहते. तेथे उरलेले अधिकारी त्या कुटुंबांची वास्तपुस्त ठेवतात. ज्याच्या भरवशावर घर सोडले त्याच्याविषयीच मनात पाल चुकचुकू लागली तर बर्फात उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष बंदुकीवर कसे राहील? 31 जानेवारी 2023 रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच जणांच्या पीठाने खुलासा केला, की 2018 च्या निकालाचा रोख दंडसंहितेवर होता. सैन्याच्या कायद्यांतल्या कलमांशी त्याचा संबंध नव्हता. घटनेचे 33 वे कलम संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क शिस्तीसाठी मर्यादित करण्याची मुभा देते, ते त्यांनी ध्यानात घेतले. तेव्हा सैन्यात ही कारवाई आजही होऊ शकते.

परंतु खुलासा झाला म्हणून अडचण संपली असे नाही. 2025 च्या मे महिन्यात दिल्लीच्या एका दिवाणी न्यायालयापुढे आलेले प्रकरण पाहा. एका मेजरचा संशय असा, की त्याची पत्नी दुसऱ्या अधिकाऱ्याबरोबर एका हॉटेलात उतरली होती. लष्करी चौकशीत वापरता यावे म्हणून हॉटेलातल्या नोंदी आणि कॅमेऱ्याची चित्रे मिळावीत, असा त्याने दावा लावला. न्यायालयाने नकार दिला. हॉटेलात उतरणाऱ्याला खासगीपण आहे, ज्यांच्याविषयी ही माहिती मागितली ती दोघे दाव्यात पक्षकारही नाहीत, आणि एक पुरुष दुसऱ्याची बायको चोरून नेतो ही कल्पना आता कालबाह्य झाली, असे न्यायाधीशांनी सांगितले. मला यात दोन्ही बाजूंचे दुःख दिसते. त्या मेजरला कोणी हसू नये. पण शिस्तभंग सिद्ध करण्यासाठी माणसांच्या खोल्यांच्या दारावरचे कॅमेरे धुंडाळावे लागत असतील, तर त्या शिस्तीची किंमत तरी काय पडते, हाही विचार करावा लागेल. शिवाय सैन्यात आता स्त्री अधिकारी आहेत; 2020 च्या निकालानंतर त्यांना कायम नेमणूकही मिळू लागली. एखाद्या स्त्री अधिकाऱ्याने बंधु-अधिकाऱ्याचे प्रेम चोरले असा आरोप लिहावा लागला तर ते जुने वाक्य कसे फिरवतील, याचे मला कुतूहल आहे.

सैन्याची ही गोष्ट झाली. आता मामलेदार कचेरी, टपालखाते, शाळाखाते, पोलीस यांच्याकडे येऊ. कारण आपल्यापैकी बहुतेकांचे आप्त येथे आहेत, आणि खरे सांगावयाचे तर येथील गोंधळ अधिक मोठा आहे.

केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत तिसरा नियम सांगतो, की सरकारी नोकराने त्याला न शोभणारे असे काही करू नये. राज्याच्या नोकरांसाठी असेच नियम आहेत. पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न करू नये, असा नियम मात्र स्पष्ट शब्दांत आहे, आणि तशाच एका राज्याच्या नियमाखाली परवानगीवाचून दुसरे लग्न करणाऱ्या कर्मचाऱ्याला काढून टाकणे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये योग्य ठरवले. पण लग्न न करता संबंध ठेवला तर? तेथे ‘न शोभणारे’ हा एकच शब्द. त्या शब्दाचा अर्थ कोण लावणार? वरिष्ठ. वरिष्ठ कडक असला तर नोकरी जाते, दिलदार असला तर बदली होते, आणि स्वतःच त्या वाटेने जाणारा असला तर कागद दप्तरातून हलत नाही.

उच्च न्यायालयांनी अलीकडे या शब्दाला थोडी वेसण घातली आहे. पोलीस लाइनीत राहणाऱ्या एका शिपायाचे त्याच वसाहतीतल्या विधवेशी संबंध होते म्हणून त्याला बडतर्फ केले होते. 2022 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. समाजाच्या दृष्टीने हे कृत्य अनीतीचे असेल, पण ते खासगी आहे, त्यात जबरदस्ती किंवा शोषण नाही, सबब ते बडतर्फीयोग्य गैरवर्तन होत नाही, असे त्यात म्हटले. राजस्थान उच्च न्यायालयानेही 2019 मध्ये, मालकाने नोकराच्या सार्वजनिक जीवनापलीकडे जाऊन नीतीचा पहारा करू नये, असा सूर लावला. दोन्ही माणसे पोलीस खात्यातली होती, हे लक्षात घ्या. सुव्यवस्था राखणारी दले घटनेच्या 33 व्या कलमात येतात. परंतु हक्क मर्यादित करावयाचे ते संसदेच्या कायद्याने, पोलीस अधीक्षकाच्या मर्जीने नव्हे.

मग शिक्षा केव्हा करावी? माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. संबंध आहे एवढ्यासाठी नोकरीवर हात टाकू नये. त्या संबंधात पद वापरले गेले असेल, तर मात्र क्षमा नसावी. तालुक्याच्या कचेरीत निराधार पेन्शनच्या अर्जावर सही करणारा मनुष्य अर्जदार विधवेशी जवळीक करतो. मुख्याध्यापक आपल्या हाताखालच्या तात्पुरत्या शिक्षिकेशी करतो. हवालदार फिर्याद द्यायला आलेल्या बाईशी करतो. येथे ‘दोघांची राजीखुशी’ हा शब्द मी उच्चारू देणार नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याची भाकरी आहे त्याला मिळालेली संमती ही संमती नव्हे. आणि अशा वेळी अपराधाचे नाव व्यभिचार नव्हे, अधिकाराचा दुरुपयोग असे लिहावे. तो हवालदार अविवाहित असता तरी अपराध तितकाच राहिला असता, यावरूनच विवाहाचा येथे संबंध नाही हे कळते.

सैन्यातही हीच कसोटी लावता येईल, फक्त तेथे ती अधिक लवकर लागू पडेल. हाताखालच्या जवानाच्या घरी, किंवा चौकीवर गेलेल्या सहकाऱ्याच्या घरी, त्याच्या गैरहजेरीचा फायदा घेऊन जो जातो, तो पलटणीच्या मुळावर उठतो. त्याला शिक्षा व्हावी. ब्रिटनने 2000 पासून आपल्या दलांसाठी हीच पद्धत ठरवली आहे: माणसाच्या वागण्याने दलाच्या कार्यक्षमतेला बाध आला किंवा येण्याचा संभव आहे काय, एवढेच सेनापती विचारतो. अमेरिकन सैन्यात विवाहबाह्य संबंध अजून गुन्हा आहे, कमाल शिक्षा एक वर्ष कैद आणि बडतर्फी; पण तेथेही शिस्तीला बाध आला किंवा दलाची बेअब्रू झाली हे वेगळे सिद्ध करावे लागते, आणि 2019 पासून न्यायालयाच्या हुकुमाने विभक्त झालेल्या माणसाला बचाव मिळाला आहे. सभासदाच्या बखरीतला नियम आणि हे नियम यांत अंतर तीन शतकांचे आहे. प्रश्न एकच विचारला आहे.

येथे एक भगिनी मनात म्हणत असतील, की हे सर्व पुरुषांच्या सोयीचे झाले. नवरा पगार घेऊन दुसरीकडे राहतो, आणि तुम्ही सांगता कचेरीने पाहू नये! हा आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर दिल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. सरकारी नोकराविरुद्ध त्याच्या कचेरीत येणारे अर्ज पाहिलेल्या माणसांकडून मी ऐकले आहे, की ते बहुधा पत्नीचेच असतात. ती नीतीच्या रक्षणासाठी अर्ज करीत नाही. वकिलाला द्यायला तिच्याजवळ पैसे नसतात, न्यायालयात तारखा पडतात, माहेरी भाऊ वेगळे झालेले असतात. साहेबाचे टेबल हे एकच दार तिला उघडे दिसते. आणि तिचा अर्ज यशस्वी झाला तर काय होते? नवरा बडतर्फ होतो. बडतर्फ किंवा काढून टाकलेल्या केंद्रीय नोकराची पूर्वीची सेवा बुडते, निवृत्तिवेतन जाते. वरिष्ठांना दया आली तर अनुकंपा भत्ता मिळतो, तोही निवृत्तिवेतनाच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त नाही. म्हणजे ज्या पगारातून पोटगी मागावयाची तो पगारच तिने आपल्या हाताने बंद केला! लेकरांची फी थांबते, सरकारी जागा सोडावी लागते, आणि उद्या नवरा वारला तर कुटुंब-निवृत्तिवेतनाचाही आधार राहत नाही. शिक्षा त्याला, उपास तिला.

तेव्हा कचेरीने डोळे मिटावेत असे मी म्हणत नाही. तिने दुसरीकडे पाहावे असे म्हणतो. पोटगीच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित आहे. बाकीचा जप्त होऊ शकतो. हे किती बायकांना ठाऊक असते? आणि येथे सैन्याने मुलकी खात्यांना धडा घालून दिला आहे. सैनिकाचा पगार दिवाणी न्यायालयाला जप्त करता येत नाही, ही त्याला दिलेली सवलत. पण त्याच कायद्यात अशी तरतूद आहे, की सैनिकाने बायकोमुलांना टाकले तर नेमलेला अधिकारी त्यांच्या उदरनिर्वाहाची रक्कम पगारातून परस्पर कापून त्यांना पाठवू शकतो. मूल लग्नाचे असो की लग्नाबाहेरचे, दोहोंसाठी. जवानाच्या बायकोला यासाठी वकील लागत नाही. पलटणीकडे एक अर्ज पुरतो. ज्या आर्मी अ‍ॅक्टच्या 45 व्या कलमाखाली प्रेमाच्या चोरीचे खटले चालतात, त्याच कायद्यात ही कलमे आहेत, आणि त्यांची चर्चा वर्तमानपत्रांत मी कधी वाचली नाही.

मुलकी नोकरांच्या नियमांत अशी एक ओळ घालावयाला संसद लागत नाही. केंद्राला आणि राज्याला नियम बदलण्याचा अधिकार आहेच. कचेरीतल्या आस्थापना शाखेच्या कारकुनाने हॉटेलाच्या नोंदी शोधण्याऐवजी बायकोच्या बँकखात्याचा क्रमांक लिहून घ्यावा. ते काम त्याला येते.